नताशा रिचर्डसन वाचल्या असत्या का? डोक्याचा मार, जवळचं हॉस्पिटल आणि हातातून गेलेले तास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात विभागात परिचारिका म्हणून मी बावीस वर्षं काढली. आता शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये, गणपती मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. डोक्याच्या माराचा विषय निघाला की मी नताशा रिचर्डसन यांची हकिगत सांगते. ती ऐकून प्रत्येक वर्गात जवळजवळ तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं सविस्तर लिहून काढली.

नताशा रिचर्डसन कोण होत्या?

ब्रिटिश अभिनेत्री. आई व्हनेसा रेडग्रेव्ह, वडील दिग्दर्शक टोनी रिचर्डसन, म्हणजे घरातच अभिनय. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीत नाटकातल्या भूमिकेसाठी त्यांना नाट्यक्षेत्रातला टोनी पुरस्कार मिळाला. नवरा अभिनेता लियाम नीसन, आपल्याकडेही ओळखीचा चेहरा. दोन मुलगे. १८ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्या गेल्या, तेव्हा वय होतं ४५.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

१६ मार्च २००९, सोमवार. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं मों ट्रांब्लां हे स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेलं डोंगरातलं ठिकाण. नताशा तिथे स्कीइंग शिकत होत्या. नवशिक्यांसाठी असतो तो साधा उतार, सोबत शिक्षक, डोक्यावर हेल्मेट नाही. दुपारी त्या पडल्या. फार वेगात नव्हत्या, कशावर जोरात आदळल्याचं कुणी पाहिलं नाही, रक्ताचा थेंब नाही, कुठे खरचटलेलंही नाही. त्या उठल्या, बोलल्या, हसल्या, मला काही झालेलं नाही म्हणाल्या.

तरीही तिथल्या बचाव पथकाने नियमाप्रमाणे ॲम्ब्युलन्स बोलावली. पहिल्या कॉलची नोंद दुपारी १२.४३ची. एकच्या सुमारास गाडी पोचली. गरज नाही असं सांगितल्यावर ती पेशंटला न तपासताच परत गेली. शिक्षक नताशांना त्यांच्या खोलीपर्यंत सोडायला गेले. पुढे डोकं दुखायला लागलं, आणि ते वाढत गेलं. तीन वाजता दुसरा कॉल गेला. या वेळी ॲम्ब्युलन्सने त्यांना साधारण ४० किलोमीटरवरच्या सेंत-अगात या गावातल्या हॉस्पिटलात नेलं. तिथे पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. तिथे मेंदूचं ऑपरेशन करण्याची सोय नव्हती, म्हणून मॉन्ट्रियलच्या साक्रे-कर हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. मॉन्ट्रियलला पोचायला संध्याकाळचे सातच्या आसपास झाले.

पहिला कॉल पावणेएकला, न्यूरोसर्जनचं दार सातला. मधे सहा तासांहून जास्त वेळ गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना विमानाने न्यूयॉर्कला नेलं, ते बरं करण्याच्या आशेने नव्हतं, घरच्या माणसांना निरोप घेता यावा म्हणून होतं. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी मृत्यूचं कारण नोंदवलं : डोक्याला लागलेल्या मुक्या मारामुळे झालेला एपिड्यूरल हिमॅटोमा, अपघाती मृत्यू.

एपिड्यूरल हिमॅटोमा म्हणजे काय?

नारळ डोळ्यांपुढे आणा. करवंटी म्हणजे कवटी, आतलं खोबरं म्हणजे मेंदू. मेंदूभोवती एक जाड, चिवट आवरण असतं, त्याला ड्यूरा म्हणतात. कवटी आणि हे आवरण यांच्यामध्ये रक्त साचून गोळा होतो, तो एपिड्यूरल हिमॅटोमा.

कानाच्या थोडं वर आणि पुढे, जिथे डोकं दुखलं की आपण बाम चोळतो, तिथलं हाड कवटीत सगळ्यात पातळ. नेमक्या त्याच हाडाच्या आतल्या बाजूला चिकटून एक धमनी जाते. हाडाला बारीकशी चीर गेली तरी ती फाटू शकते. धमनीतलं रक्त दाबाने वाहतं, म्हणून गोळा मिनिटामिनिटाला वाढतो. हातापायाला असं झालं असतं तर तिथे टेंगूळ आलं असतं, निळं-काळं पडलं असतं, आपण बर्फ लावला असता. कवटीला फुगता येत नाही. आत जागा ठरलेली, त्यामुळे रक्ताला जागा करून द्यायची ती मेंदूने. मेंदू एका बाजूला ढकलला जातो, आणि शेवटी खाली, जिथे श्वास आणि हृदयाचं नियंत्रण असतं त्या भागावर दाब येतो. तोपर्यंत एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, नाडी मंदावलेली असते, ब्लडप्रेशर चढलेलं असतं. आमच्या विभागात बाहुली मोठी दिसली की सगळ्यांची पावलं धावायला लागायची.

या आजाराची एक गोष्ट मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे. इथे सुरुवातीला मेंदूलाच मोठी इजा झालेली असते असं नाही. मेंदू बऱ्याचदा धडधाकट असतो, त्याला फक्त बाहेरून दाबलं जात असतं. वेळेत कवटी उघडून गोळा काढला, धमनी बंद केली की माणूस चालत घरी जाऊ शकतो. बेशुद्ध होण्याआधी ऑपरेशनच्या टेबलावर पोचलेले बहुतेक पेशंट वाचतात. म्हणून या मृत्यूची हळहळ वेगळी आहे.

मग त्या इतका वेळ बऱ्या कशा होत्या?

वर्गात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पडल्यावर क्षणभर गरगरतं किंवा थोडी शुद्ध हरपते, मग माणूस पूर्ण सावध होतो, आणि तासा-दोन तासांनी एकदम घसरतो, म्हणजे त्याची प्रकृती झपाट्याने खालावते. या मधल्या काळाला डॉक्टर ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. तो प्रत्येक पेशंटमध्ये दिसतो असं नाही. पण दिसतो तेव्हा सगळ्यांना फसवतो : पेशंटला, नातेवाइकांना, कधी कधी आम्हालाही. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७५ मध्येच अशा पेशंटवर लेख लिहिला होता, तेव्हापासून वैद्यकीय भाषेत त्यांना 'टॉक अँड डाय' म्हणतात. बोलत होते, आणि गेले.

पहिली ॲम्ब्युलन्स परत पाठवली, यात चूक कुणाची?

माझ्या मते कुणा एकावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. बचाव पथकाने गाडी बोलावली होती. शिक्षक त्यांना एकटं सोडून गेले नाहीत. नताशांना खरोखर बरं वाटत होतं, आणि शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारायचा हक्क असतो, तो कॅनडातही आहे आणि आपल्याकडेही आहे. आपण घरात पाय घसरून पडतो तेव्हा काय करतो? आधी इकडेतिकडे कुणी पाहिलं का ते बघतो आणि मग काही नाही, काही नाही म्हणत उठतो.

उणीव होती ती एका गोष्टीची. डोक्याला मार लागल्यावर बरं वाटणं हा पुरावा नसतो, हे त्या क्षणी त्यांना ठासून सांगणारं माणूस जवळ नव्हतं.

जवळ हॉस्पिटल नव्हतं का?

होतं. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ४० किलोमीटर हे डोंगराळ भागात जवळच म्हणायचं. प्रश्न त्या हॉस्पिटलात काय होतं याचा आहे. या दुखण्यात तीन गोष्टी लागतात : सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन, आणि रात्री-अपरात्री चालू होणारं ऑपरेशन थिएटर. भूलतज्ज्ञ त्यातच धरा. या तीन गोष्टी एका छताखाली मिळणारं सर्वांत जवळचं ठिकाण मॉन्ट्रियल, मों ट्रांब्लांपासून अंदाजे १३० किलोमीटर.

पहिल्या हॉस्पिटलातही वेळ जातो. पेशंट उतरवून घ्यायचा, तपासायचा, श्वासाची नळी लागली तर घालायची, पुढच्या हॉस्पिटलशी बोलायचं, सोबत कोण जाणार ते ठरवायचं, पुन्हा गाडीत चढवायचा. हे सगळं मी शेकडो वेळा केलंय. कितीही घाई केली तरी तास निघून जातो. म्हणून दाराशी हॉस्पिटल आहे का हा प्रश्न अर्धाच. या दुखण्याचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, ते विचारायला हवं.

हेलिकॉप्टर असतं तर?

क्युबेकमध्ये तेव्हा अपघातग्रस्तांना उचलून थेट मोठ्या ट्रॉमा सेंटरला नेणारी हेलिकॉप्टर सेवा नव्हती. कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांतात स्टार्स ही सेवा १९८५ पासून चालू होती. नताशांच्या मृत्यूनंतर क्युबेकमध्ये यावरून मोठा वाद झाला, मॉन्ट्रियलच्या ट्रॉमा डॉक्टरांनी उघडपणे हा मुद्दा मांडला. तो रास्तच होता.

आता वेळेचा हिशेब मांडू. हा माझा अंदाज आहे, पण घड्याळाला धरून केलेला. तीनच्या कॉलनंतर हेलिकॉप्टर आलं असतं, तर उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं. चढवणं-उतरवणं धरून साडेचारच्या सुमारास मॉन्ट्रियल. म्हणजे दोन-अडीच तास वाचले असते.

आणि आता दुसरा हिशेब. हेलिकॉप्टर नाहीच असं धरा. पण एक वाजता आलेल्या पहिल्याच गाडीत त्या बसल्या असत्या, तर पावणेदोनपर्यंत सेंत-अगात. डोकं दुखायला लागलं ते डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. तीनपर्यंत पुढे निघाल्या असत्या तरी साडेचारच्या आत मॉन्ट्रियल, तेही रस्त्याने. दोन्ही हिशेब जवळपास त्याच वेळेला येऊन टेकतात. दुसऱ्यात मात्र एक मोठा फायदा आहे, पेशंट पूर्णवेळ कुणाच्या तरी नजरेखाली राहिला असता.

छोट्या हॉस्पिटलातच कवटीला भोक पाडून रक्त काढता येत नाही का?

येतं, पण क्वचितच, आणि फार मोठ्या धैर्याने. नताशांच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, मे २००९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मेरीबरो या छोट्या गावात असं घडलं. बारा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. त्याची आई परिचारिका होती, तिला शंका आली आणि ती त्याला हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे तो घसरायला लागला, बाहुली मोठी झाली. गावात न्यूरोसर्जन नव्हता. डॉ. रॉब कार्सन यांनी मेलबर्नच्या न्यूरोसर्जनला फोन लावला. कवटीला भोक पाडायचं यंत्र हॉस्पिटलात नव्हतं, म्हणून दुरुस्ती विभागातलं, भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन आणून निर्जंतुक केलं. फोनवरून सांगतील तसं, सांगतील तिथे भोक पाडलं. साचलेलं रक्त बाहेर आलं, दाब उतरला, मग हेलिकॉप्टरने मुलाला मेलबर्नला नेलं. मुलगा वाचला.

ही हकिगत सांगताना आजही माझा आवाज बदलतो. पण ती सांगून सेंत-अगातच्या डॉक्टरांनी असं का केलं नाही, असं विचारू नका. त्यांच्यासमोर पेशंट कुठल्या टप्प्यावर आला होता हे महत्त्वाचं. मेरीबरोचा मुलगा हॉस्पिटलात असताना घसरला, आणि तो तिथे होता याचं कारण त्याच्या आईने शंका अंगावर काढली नाही.

हेल्मेट असतं तर?

माराचा जोर कमी झाला असता, पातळ हाडाचं संरक्षण झालं असतं. त्यांच्या मृत्यूनंतर स्कीइंगसाठी हेल्मेट सक्तीचं करावं का, यावर क्युबेकमध्ये सरकारी पातळीवर चर्चा झाली. मी स्वतः घालाच म्हणेन.

मोटार शर्यतींचे विश्वविजेते मायकेल शूमाखर स्कीइंग करताना पडले, त्यांना तर हेलिकॉप्टर मिळालं होतं, हेल्मेटही होतं. मग?

खरंय. २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेल इथे ते पडले, डोकं खडकावर आदळलं, हेल्मेट फुटलं. हेलिकॉप्टरने आधी मूतिए आणि मग ग्रेनोबलच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, लगेच ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण पूर्वीचं आयुष्य परत मिळालं नाही. त्यांच्या बाबतीत माराने मेंदूलाच जबर इजा झाली होती. तिथे हेलिकॉप्टर जीव वाचवतं, इजा पुसू शकत नाही. नताशांच्या बाबतीत मेंदूवर बाहेरून दाब येत होता, म्हणून तिथे प्रत्येक मिनिटाची किंमत जास्त होती.

आडवळणं नकोत. त्या वाचल्या असत्या का?

माझं उत्तर : बहुधा हो, जर त्या पहिल्या ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या असत्या. दुसऱ्या कॉलनंतर हेलिकॉप्टर आलं असतं तर शक्यता होती, पण खात्री देता येत नाही. आणि दोन्ही न होता केवळ आणखी जवळ एखादं साधं हॉस्पिटल असतं, तर फारसा फरक पडला नसता असं मला वाटतं.

आपल्याकडे असं होतं का?

आपल्याकडे स्कीइंग नाही, मोटारसायकल आहे. आंब्याची, नारळाची झाडं आहेत, गच्च्या आहेत, दहीहंडीचे थर आहेत.

एक रात्र सांगते. हॉस्पिटलचं आणि गावाचं नाव सांगत नाही. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, मित्राच्या गाडीवरून मागे पडलेला. स्वतः चालत आला. वॉशबेसिनवरच्या आरशात बघून ओल्या हाताने केस सारखे केले. कानाच्या वर थोडी सूज होती, बाकी काही नाही. रात्रभर ठेवून घेऊ, सीटी काढू, असं डॉक्टर म्हणाले. मित्रांना घाई होती, घरी कळू द्यायचं नव्हतं, सीटीसाठी दुसऱ्या गावाला जावं लागणार होतं. 'सिस्टर, मी एकदम ओके आहे, कुठे सही करू सांगा,' म्हणाला. माझ्याच खिशातला पेन घेतला आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे' याखाली सही केली. सरळ, सुवाच्य सही. पहाटे त्याला टेम्पोच्या हौद्यातून परत आणलं. बाहुली मोठी झाली होती. मेंदूवरचा दाब कमी करणाऱ्या मॅनिटॉल या औषधाची बाटली लावली, पुढे पाठवला, जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायच्या आत गेला. तो केस पेपर मी अजून विसरलेले नाही. सही करताना मी त्याला अजून पाच मिनिटं बसवून समजवायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची ॲम्ब्युलन्स सेवा आहे. फोन फुकट लागतो, गाडीत डॉक्टर असतो. कायदाही आता सोबत आहे : २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही. न्यूरोसर्जन मात्र आजही बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत. दुर्गम तालुक्यातल्या माणसासाठी मों ट्रांब्लांचं ते अंतर काही नवं नाही.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

क्षणभर का होईना, शुद्ध हरपली होती. डोकेदुखी वाढत चालली आहे. पुन्हा पुन्हा उलटी होतेय. माणूस पेंगतोय, हाक मारल्यावर उशिरा ओ देतोय. तेच तेच विचारतोय, किंवा असंबद्ध बोलतोय. हातापायात एका बाजूला जोर नाही. झटका आला. नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय. दोन्ही बाहुल्या सारख्या नाहीत. यातलं एकही दिसलं तर १०८ लावा, आणि फोनवर डोक्याला मार हे शब्द आधी उच्चारा.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, वय साठच्या पुढे असेल किंवा दारू प्यायलेली असेल, तर लक्षणांची वाटच बघू नका. दारूच्या अमलाखालचा माणूस पेंगतोय की घसरतोय, हे आम्हालाही नुसतं बघून ओळखता येत नाही. 'चढलीय, झोपू दे,' म्हणून झोपवलेली माणसं सकाळी उठली नाहीत, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

हॉस्पिटल निवडताना तिथे सीटी आहे का आणि मेंदूचं ऑपरेशन होतं का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्या.

रात्री झोपू द्यावं का? डोकेदुखीची गोळी द्यावी का?

डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्या, पण ते सांगतील तितक्या अंतराने उठवून नाव, दिवस, कुठे आहोत हे विचारा. नुसती कूस बदलली म्हणजे जाग आली असं धरू नका. तपासलंच नसेल तर झोपवू नका, हॉस्पिटलात न्या. ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारखी गोळी स्वतःहून देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डोक्याला तेल थापून चोळत बसू नका.

नताशांच्या जाण्याने कुणाचं काही भलं झालं का?

त्यांचे अवयव दान करण्यात आले. हृदय, यकृत आणि मूत्रपिंडं, असं लियाम नीसन यांनी पुढे २०१४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक सात वर्षांची मुलगी होती. तिला खेळताना डोक्याला बेसबॉल लागला होता. थोडं टेंगूळ आलं, बर्फ लावला, ती खेळायला गेली, दोन दिवस सगळं ठीक. मग रात्री झोपताना ती डोकं दुखतंय म्हणून रडायला लागली. आईवडिलांनी टीव्हीवर नताशा रिचर्डसन यांची बातमी नुकतीच पाहिली होती. त्यांनी सकाळची वाट पाहिली नाही. तिला क्लीव्हलंडच्या मुलांच्या हॉस्पिटलात हेलिकॉप्टरने हलवलं. दुखणं तेच निघालं, एपिड्यूरल हिमॅटोमा. ऑपरेशन झालं, आणि ती बरी होऊन घरी गेली.